पुढची काच

“आता ओढ,” भुजंग बाहेरून म्हणाला आणि दोन्ही तळव्यांनी त्यानं काच दाबून धरली.

धोंडीबा आत, ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे टेकून होता. काचेला भोवती काळं रबर चढवलेलं, रबराच्या खाचेत साबणाच्या पाण्यात भिजवलेली सुतळी आणि सुतळीचं टोक त्याच्या हातात. तो ओढील तसा रबराचा काठ पत्र्यावर चढत होता. जो गाडी चालवतो त्यानंच सुतळी ओढायची, असा मानवतच्या या काचवाल्याचा शिरस्ता. उद्या पाणी गळलं तर बोंब मारायला जागा नको, म्हणायचा.

ट्रक जुना, लांब नाकाचा. कापसाच्या जिनिंगचे मालक दत्तराव यांच्या वडिलांनी घेतला तेव्हापासून सरकीची पोती वाहत आलेला, आणि तेव्हापासून स्टिअरिंगवर धोंडीबाच. स्वतःच्या लग्नाचं साल त्याला आठवत नसे, पण कोणत्या चढावर गिअर कुरकुरतो ते त्यानं झोपेतही सांगितलं असतं.

गेल्या आठवड्यात पाथरीच्या रस्त्यावर एक कोकरू चाकाखाली गेलं. मेंढरं राखणारी कासाबाई त्याला ओटीत घेऊन रस्त्यातच बसली. “एवढा कळप दिसला न्हाई का रं बाबा?” एवढंच म्हणाली. धोंडीबानं काचेवर खापर फोडलं. काच धुरकटलीय, वरीसभर सांगायलोय, कुणी ऐकत न्हाई.

दत्तराव रागावले नाहीत. “काच बदलून देतो, धोंडीमामा. पण नव्या काचंतूनबी दिसलं न्हाई, तर चावी माझ्याकडं द्यायची. उद्या कोकराच्या जागी लेकरू असंल.”

सुतळीचं शेवटचं टोक सुटून हातात आलं. भुजंगनं कडेनं थापट्या मारल्या, फडक्यानं साबण पुसला. धोंडीबा सीटवर नीट बसला आणि त्यानं समोर पाहिलं.

समोर जिनिंगची भिंत. नामांतराच्या मोर्चाच्या वेळी पोरांनी तिच्यावर निळी, हातभर अक्षरं काढली होती. मग कुणी तरी त्यावर चुना फासला आणि दोन पावसाळ्यांत चुन्यातून निळं पुन्हा वर आलं. धोंडीबाला भिंत दिसली. अक्षरांच्या जागी नुसता निळसर डाग होता.

“साबण राहिलाय,” तो म्हणाला.

भुजंगनं पुसलं. “आता?”

“आजून हाय.”

भुजंगनं पुन्हा पुसलं. मग त्याचा हात थांबला आणि तो काचेतून धोंडीबाकडं बघत राहिला.

धोंडीबाच्या बापाचे डोळे असेच गेले होते. नस सुकलीय म्हणून परभणीच्या डॉक्टरनं हात टेकले होते. वर्षभर धोंडीबा काचेला बोल लावत आला तो याच भीतीनं.

तो खाली उतरला. जुनी काच चाकाला टेकवून ठेवलेली होती. “भुजंगा, हिच्यातून बघ. भिंतीवरचं वाचाया येतंय का?”

भुजंगनं ती उचलून डोळ्यांपुढं धरली. “येतंय,” तो म्हणाला. मग आवाज खाली घेऊन, “नवी काच हाय, सवय व्हायला चार दिस लागतेत, असं सांगतो मालकाला. तू गप ऱ्हा.”

धोंडीबाला मोह झाला. खोटं कशाला बोला, फार झाला. पण कासाबाईची ती ओटी डोळ्यांपुढून हलेना. तेवढं मात्र त्याला लख्ख दिसत होतं.

दत्तराव ऑफिसातून बाहेर आले. “काय मामा, दिसायलंय का आता?”

“काच चोख बसलीय, मालक. थेंब गळायचा न्हाई.” धोंडीबानं चावी त्यांच्या हातावर ठेवली. “पहिलीबी चांगलीच व्हती. कोकरू म्याच मारलं.”

धोंडीबा उत्तराची वाट बघत थांबला नाही. भिंतीच्या कडेकडेनं, निळ्या अक्षरांवरून तळवा फिरवत तो घराकडं निघाला. हाताला चुना लागत होता.

मागं ट्रक सुरू झाला. गिअर कर्रकन वाजला तसा तो थबकला.

“क्लच पुरा दाबा, मालक,” तो मागं न बघता म्हणाला, आणि भिंतीला हात लावून पुढं चालू लागला.