ऐंशी पावलांवरची चूल

आतू परबाने सड्यावर बार काढला की गुणाजी मेस्त्रीचं स्वयंपाकघर एक पाऊल मागे सरकायचं. सडा म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, तिथून दोन कोसांवर. आवाज नंतर यायचा. आधी पलीकडची भिंत हलकेच मागे जायची आणि तिच्याबरोबर चूल, मांडणी, पाण्याची कळशी आणि चुलीपुढे पाटावर बसलेली गुणाजीची बायको चंद्रावती, सगळं जसंच्या तसं. कळशीतलं पाणीसुद्धा हिंदकळायचं नाही. मधे पाऊलभर रुंदीची कोरी जमीन उघडी पडायची, आणि दुसऱ्या दिवशी चंद्रावती ती शेणाने सारवून टाकायची.

"सारवूचा वाढला," एवढंच म्हणायची.

असं का होतं ते गुणाजीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बंदुकीचा धक्का कुठेतरी जाणारच. तो आतूच्या खांद्याला लागू नये ही तजवीज गुणाजीनेच केली होती. मग तो कुठे जाईल, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

आतूची बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, आजोबांपासून चालत आलेली एकनळी. डुक्कर राहायचं बाजूला, मार खायचा आतूने. एक बार काढला की खांदा आठवडाभर काळानिळा. आणि छर्रे चाळीस पावलांवर असे फाकायचे की डुक्कर त्यांच्यामधून रमतगमत निघून जायचं.

"मेस्त्र्या, खांद्यार लाथ मारता ही अवदसा," आतू ती बंदूक गुणाजीच्या बाकड्यावर आपटत म्हणाला होता, "आणि डुकराक कायच करणा नाय. हिचा कायतरी कर."

साठी उलटली तरी गुणाजीचा हात स्थिर होता. हाताला यश होतं आणि हे त्याला नको तितकं माहीत होतं. पंधरा दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. नळी आतून घासली, तिचा गळा थोडा मोकळा केला, तोंड किंचित आवळलं, खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याच्या पोटात शिसं भरलं. परवान्यावर बंदूक पूर्वी होती तशीच लिहिलेली राहिली. मग जुन्या कॅलेंडरचं एक पान त्याने परसातल्या फणसाला ठोकलं आणि ऐंशी पावलांवरून बार काढला. खांद्याला काहीच जाणवलं नाही, जणू बंदूक दुसऱ्याच कुणीतरी उडवली. पानावर नऊ भोकं पडली होती. गुणाजीने त्यांवर हात ठेवला, तर नऊही पंजाखाली झाकली गेली.

ते पान त्याने कौतुकाने चुलीच्या वर भिंतीला लावलं.

"भितीक भोकां कमी होती काय?" चंद्रावती म्हणाली.

न्हानू धुरी हा गुणाजीचा शाळेतल्या बिगारीच्या वर्गापासूनचा सोबती. सड्याच्या उतारावर त्याची काजूची बाग होती. दुपारचं काम आटपलं की तो एका ठरावीक काजीखाली विडी ओढत बसायचा, मग पलीकडे आतू डुकरासाठी दबा धरून बसलेला का असेना. कुणी हटकलं तर म्हणायचा, "आतूचो छर्रो माझ्यापर्यंत पोचणा नाय. पोचलो तर मी तेका च्या पाजीन." सगळे हसायचे. गुणाजीही हसायचा.

बंदूक परत दिल्यावर चार दिवसांनी न्हानू त्याला वाण्याकडे भेटला. सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण गुणाजीला वाटलं, राहू दे, ह्याला आपोआप कळेल, मग कसा आ वासतो ते बघू. न्हानूने विड्यांचं बंडल घेतलं, गुणाजीने मीठ घेतलं आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. पुढे कितीतरी दिवस गुणाजीला जेवणात त्या मिठाची चव लागायची आणि घास तोंडात फिरायचा. एक वाक्य बोलायचं होतं आणि तो मीठ घेऊन घरी आला होता.

शिमग्यानंतरच्या सोमवारी, दुपारी पावणेचारला, स्वयंपाकघर एकदम दहा पावलं मागे गेलं. चंद्रावतीच्या हातातली भाकरी मोडली. मग बार ऐकू आला. मग तासाभराने माणसं आली आणि म्हणाली, डुक्कर बाजूला झालं, त्याच्यामागे न्हानू बसला होता. तो जागीच गेला. जखम एका पंजात मावेल एवढीच होती.

आतूने कानांवर हात ठेवले. माझी बंदूक ऐंशी पावलांवरच्या त्या काजीपर्यंत पोचतच नाही, अख्ख्या गावाला विचारा. गावाने मान डोलावली. न्हानूचं चहाचं बोलणंही साक्षीला आलं. शेवटी फौजदारांनी गुणाजीला बोलावून घेतलं.

"मेस्त्री, तुम्ही जाणकार. ही बंदूक ऐंशी पावलांवर पोचते?"

आतू नुसत्या नजरेने त्याच्या पाया पडत होता. पण गुणाजीला आतूची दया आली नव्हती. त्याला स्वतःसाठी भीती वाटली, दुसरं काही नाही.

"नाय, सायेब. पोचणा नाय."

त्याने सही केली. बंदूक ठाण्यात कुलूपबंद झाली.

तरी रोज पावणेचारला धक्का येतच राहिला. तोच एक बार पुन्हा पुन्हा. एव्हाना दारापासून चाळीस पावलांवर पोचलेली चूल पन्नासावर गेली, मग साठावर. बाहेरून घर होतं तेवढंच दिसायचं, परसातला फणससुद्धा जागचा हलला नव्हता. आत मात्र चाळीस पावलांपलीकडे बोलणं फाकू लागलं. चंद्रावतीने "जेवूक येवा" म्हटलं, तर "जेवूक" भिंतीला लागायचं आणि "येवा" कौलांमधून निघून जायचं. गुणाजीला चालत तिच्याकडे जाता आलं असतं. पण चुलीवर ते पान होतं. ती मग पेजेचं ताट अर्ध्या वाटेवर ठेवून परत जायची आणि तो तिथवर पोचेपर्यंत पेज निवलेली असायची. एकदा त्या ताटाशी उकिडवं बसून तो म्हणाला, "चंद्रा, मी खोटा बोललंय." तिने कानामागे हात धरला, ऐकलं आणि मिठाचं भांडं आणून दिलं.

बरोबर ऐंशी पावलं झाली त्या दिवशी फौजदार शिपायाला घेऊन आले. शिपायाच्या हातात आतूची बंदूक होती.

"वरून पत्र आलंय. बंदूक उडवून दाखवा म्हणतात," फौजदार खुर्चीवर बसत म्हणाले. "तालुक्यात एवढी लांब, बिनवाऱ्याची खोली दुसरी नाही."

शिपाई पावलं मोजत चुलीपर्यंत जाऊन आला. "ऐंशी, साहेब. पान आधीच लावलेलं आहे."

पानाच्या खाली चंद्रावती पाठमोरी बसून भाकरी थापत होती.

"तिका बाजूक करूक होयी," गुणाजी म्हणाला.

"का?"

गुणाजीने चुलीवरच्या पानाकडे पाहिलं.

"पोचत नाही ना?" फौजदारांनी कागद काढला. "तसं लिहून दिलंय तुम्ही. मग बाईंना कशाला उठवता? भाकरी करपेल त्यांची."

शिपायाने बंदूक त्याच्या हातात दिली. किती सुरेख बसली ती खांद्यावर! स्वतःच्या कामाचं कौतुक अशा वेळीही मनात आलं, ह्याची गुणाजीला शिसारी आली. मग त्याला वाटलं, बार निघाला की धक्का तिला एक पाऊल मागे नेईलच. पण आधी धक्का पोचेल की छर्रे? आणि पाऊलभराने होणार तरी काय? त्याने ही नळी नव्वदांपर्यंतची केली होती.

"सायेब," तो म्हणाला, "पोचता. मीच केलंय ती तशी. न्हानू माझ्यामुळे गेलो."

हे बोलायला त्याला एवढे दिवस लागले होते. फौजदारांनी मान वरसुद्धा केली नाही.

"हा दुसरा जबाब झाला. तो नंतर घेऊ. आधी पहिल्याचं काम संपवू." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पावणेचारला दोन मिनिटं आहेत."

गुणाजीने बंदूक खाली टाकायला बघितलं, पण शिसं भरलेला दस्ता खांद्यातून सुटेना. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "चंद्रा, उठ गो! पोचता! छर्रो पोचता!"

शब्द चाळीस पावलं नीट गेले आणि मग फाकले. "उठ" मांडणीवर आपटून भांडी वाजली. "पोचता" कौलांमधून गेलं. चंद्रावतीने वळून पाहिलं. तिच्यापर्यंत काय गेलं कोण जाणे, पण ती हसली. आणि तिचं उत्तर मात्र अजिबात न फाकता, सबंध, त्याच्या कानाशी आलं.

"छर्रो? माझ्यापर्यंत पोचणा नाय. तुमीच सांगलास मां?"

तिने तवा उतरवून ठेवला, पाट फिरवला आणि कधी नव्हे ती त्याच्याकडे तोंड करून ऐसपैस बसली. वळताना पदर सावरायला तिने पिठाचा हात छातीशी नेला होता. गर्द लुगड्यावर तिचा सबंध पंजा पांढराशुभ्र उमटला होता, आणि ऐंशी पावलांवरून तो स्पष्ट दिसत होता.