स्पिरिटचा बोळा

गाड्या रंगवायच्या त्या गॅरेजात दोघे भाऊ. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्याला धाकटाच म्हणत, मग त्याचे कानशिलावरचे केस का पिकेनात. रंग मारायचं काम दादाचं, पॉलिशचं मशीन दादाचं, आणि बादली घेऊन घासत बसायचं काम धाकट्याचं. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, मुलांना मिशा फुटल्या, तरी याच्या हातात आपला तो ओला वॉटर पेपर.

आता घासायचं तरी का? तर ताजा रंग लांबून चकाकतो, पण जवळून पाहावं तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. ती साल घासून सपाट करायची. घासली की गाडी पार उदास होते, धुतलेल्या पाटीसारखी करडी. मग मशीन फिरवून तिला आरसा करायचं. म्हणजे गाडीचा चेहरा उतरवायचा धाकट्यानं आणि खुलवायचा दादानं. गिऱ्हाईक येऊन “वा दादा” म्हणायचं, तेव्हा धाकटा मागं मोरीत बादली ओतत असायचा. त्यानं कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण बादली जरा जोरात ओतायचा.

आणि मग दादा स्टुलावरून पडला. माळ्यावरचा डबा काढायला गेला, डबा राहिला माळ्यावर आणि हा आला खाली. खांदा निखळला, हात गळ्यातल्या झोळीत गेला. गॅरेजात नेमकी बाईंची काळी गाडी घासून उभी होती. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. दोघा भावांना त्यांनीच शिकवलेलं, म्हणजे निदान तसा प्रयत्न केलेला. निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, तरी त्या आल्या की दादा अजून शर्टाचं वरचं बटण लावायचा. गाडी त्यांना सकाळी हवी होती.

तोड वहिनींनी काढली. भाऊजींना करू द्या की, म्हणाल्या. दादानं आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग मशीन जड आहे म्हणाला, मग काळा रंग फार अवघड असतो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, मग तुम्ही दातात धरून चालवा. तेव्हा कुठं त्यानं वहिनींच्या समोर शब्द दिला: ही गाडी निर्दोष निघाली, तर मशीन कायमचं धाकट्याचं.

मग धाकट्यानं मशीन हातात घेतलं. अहाहा, काय वर्णावं! लहान मूल पहिल्यांदा कडेवर घ्यावं तसं घेतलं. दादा समोर खुर्ची टाकून बसला आणि बसल्या जागेवरून गाडी चालवू लागला. टेकव, दाबू नकोस. फिरता राहा, एका जागी थांबलास तर रंग भाजेल. कडेला जपून, कडेला रंग पातळ असतो. वायर खांद्यावर घे. धाकट्यानं सगळं ऐकलं. बॉनेटच्या कडांना चिकटपट्टी लावली, आधी लोकरीचं पॅड फिरवलं, मग मऊ फोमचं. करड्या पाटीतून काळं पाणी वर यावं तसा रंग वर आला. त्यात छतावरची ट्यूब दिसली, मग तिच्यावरची कोळ्याची जाळी दिसली. संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आल्या आणि बॉनेटमध्ये बघून केस सारखे करायला लागल्या.

आता शेवटचं एक काम उरतं. पॉलिशमध्ये तेल असतं. ते बारीक ओरखड्यांत जाऊन बसतं आणि सगळं कसं गोड दिसतं. म्हणून शेवटी स्पिरिट मारून तेल उतरवायचं. मग जे उरेल ते खरं. त्याशिवाय गाडी कुणाला दाखवायची नाही, हा त्या गॅरेजचा नेम. धाकट्यानं स्पिरिटची बाटली उचलली. बॉनेटकडं पाहिलं. बॉनेटमधून त्याच्याकडं एक सुखी माणूस पाहत होता. इतका सुखी माणूस त्यानं त्या चेहऱ्यावर बरेच दिवस पाहिला नव्हता. त्याला पुसायचं धाडस होईना. बाटली तशीच खाली ठेवली.

“स्पिरिट मारलंस?” दादानं विचारलं.

“हो,” धाकटा म्हणाला.

दादाची परीक्षा ठरलेली. बॉनेटवर वाकायचं आणि मिशी विंचरायची. डाव्या हातानं त्यानं कंगवा फिरवला, उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, एक पिकलेला केस सापडला म्हणून थोडा खट्टू झाला, आणि मान हलवून म्हणाला, “घे. मशीन तुझं.”

धाकट्यानं मशीन पुसून स्वतःच्या कपाटात ठेवलं, पण घरी जाताना त्याच्या चालीत काही जोर नव्हता.

देवानं सूर्य कशाकशासाठी केला हे आपण पामरांनी काय सांगावं, पण पॉलिशवाल्याची झडती घ्यायला तो फार उपयोगी पडतो. सकाळी शटर वर गेलं, गाडी अंगणात आली आणि बाई आल्या. बाईंच्या पर्समध्ये शाळेपासून दोन गोष्टी कायम: कापूस आणि स्पिरिटची बाटली. त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग बसल्या. गाडी पाहून त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात पत्र्यावर बसलेल्या कबुतरानं बॉनेटच्या बरोबर मधोमध आपलं मत दिलं.

वहिनी पाणी आणायला वळल्या, पण बाई हाताला हलक्या. बोळा भिजवला आणि हां हां म्हणता पुसलंसुद्धा. तळहाताएवढी जागा स्वच्छ झाली. आणि त्या स्वच्छ जागेत उन्हाबरोबर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटलं, कोळ्यानं विणावं तसं. भोवती आरसा आणि मधे ही जखम.

बाई बोळ्याकडं बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “अरे, मी रंग जाळला.”

दादा जागचा उठला. त्यानं डाग पाहिला. मग धाकट्याकडं पाहिलं. मग खिशातून कंगवा काढला आणि परत खुर्चीत बसून मिशी विंचरू लागला. बाई मात्र थांबेनात. माझीच चूक, म्हणत होत्या, हा पुसायचा रोगच आहे मला, पोरांनी इतकं जीव लावून केलं आणि मी म्हातारीनं नासवलं. ज्या बाईंनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, त्या धाकट्याची माफी मागत होत्या.

गप्प राहिला असता तर मशीन वाचलं असतं. पण बाईंचा तो बोळा धरलेला हात धाकट्याला ओळखीचा होता. याच हातानं धरून त्याला मुळाक्षरं गिरवायला लावली होती. तो आत गेला. कपाटातून मशीन काढलं आणि आणून दादाच्या मांडीवर ठेवलं. मग बाईंच्या हातातली बाटली घेतली आणि अख्खं बॉनेट पुसून काढलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत जाळंच जाळं.

“बाई, तुम्ही काही जाळलं नाही,” तो म्हणाला. “हे माझंच आहे. तेलाखाली झाकलं होतं. दादा, काल मी स्पिरिट मारलं नव्हतं.”

दादाचा कंगवा मिशीत अडकला. वर कबुतरानंसुद्धा मान वाकडी केली.

बाईंचा चेहरा मात्र बघता बघता पूर्वीचा झाला. पाठ ताठ झाली, चष्मा सरळ झाला. “म्हणजे गृहपाठ न करता वही दाखवलीस,” त्या म्हणाल्या.

“हो बाई.”

“लहानपणीही तेच करायचास. बस आणि पूर्ण कर. मी इथंच आहे.”

दादा मांडीवरच्या मशीनकडं पाहत होता. एक हात झोळीत, दुसऱ्यात कंगवा. “आता हे मांडीवर घेऊन मी काय अंगाई म्हणू?” तो म्हणाला. “उचल. मशीन तुझं म्हटलं ना. कालचं नाही, आजचं बघून देतोय.”

गाडी पुन्हा आत गेली. धाकट्यानं नवं मऊ पॅड लावलं, हात हलका केला, आणि प्रत्येक फेरीनंतर स्वतःच स्पिरिट मारून पाहू लागला. जाळं दिसलं की पुन्हा मशीन. बाई शेजारी खुर्चीवर बसून कोपरे दाखवत होत्या, वहिनी चहा देत होत्या, आणि दादाला त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही.

गाडी परत उन्हात आली तेव्हा बाईंनी बोळा भिजवून बॉनेट स्वतः पुसलं. सगळं. पुसून झाल्यावर आत फक्त आभाळ होतं, आणि पत्र्यावरचं ते कबुतर.

“वा,” बाई म्हणाल्या, आणि सवयीनं दादाकडं वळल्या. पण दादा तिथं नव्हता. तो एका हातानं बादली उचलून मोरीकडं निघाला होता, निम्मं पाणी स्वतःच्या पायांवर सांडत. मग आतून बादली ओतल्याचा आवाज आला. जरा जोरातच.