चिचेच्या डोहात

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गाडी यायला पाऊण तास होता, तरी जयवंता फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती. नवऱ्याने, यशवंतरावांनी, सावलीतल्या बाकावरून दोनदा हाक मारली, पण तिचा पाय निघत नव्हता. दर रविवारी जिच्याशी फोनवर बोलायची, त्या उषाला ती आज नऊ वर्षांनी पाहणार होती, आणि तेही फक्त दुसऱ्यांदा.

पहिली भेट अशाच उन्हाळ्यातली. तिगावजवळ त्यांच्या वावराला लागून एक गाडी इंजिन बिघडून पाच तास अडकली होती. नवरा-बायकोंनी विहिरीवरून हंडे भरभरून डब्यांपर्यंत पाणी नेलं. एका डब्याच्या दारात दोन वर्षांच्या पोरीला पदराने वारा घालत एक बाई बसली होती. श्रीवर्धनची होती, नागपूरचं लग्न आटोपून नवऱ्यासोबत भोपाळला नणंदेकडे निघालेली. जयवंताने मायलेकींना धुऱ्यावर, वावराच्या बांधावर असलेल्या कडुलिंबाखाली आणलं, पोरीचं अंग ओल्या फडक्याने पुसलं, आणि गाडी हलेपर्यंत दोघी बोलत राहिल्या. जाताना नंबर घेतले. तेवढ्यावर नऊ वर्षं निघाली. उषा फोन खिडकीबाहेर धरून समुद्र ऐकवायची, आणि जयवंता तिला आपला संत्र्याचा बगीचा सांगायची. आत शिरलं की ऊन लागत नाही, असा गर्द हिरवा.

आणि नेमकी तीच पंचाईत होऊन बसली होती. मृगाच्या बहारासाठी महिनाभरापासून झाडं ताणावर सोडली होती. पाणी तोडल्यामुळे पानं सुकून गळाली होती. दिवाळीत या, असं तिने परोपरीने सांगितलं होतं. पण उषाचा नवरा विनायक मास्तर, लेक अमृताला परीक्षा, सगळ्यांची लांब सुट्टी मे महिन्यातच जुळत होती.

गाडी आली. उषा उतरली ती थेट जयवंताच्या गळ्यात पडली. अमृता, आता अकरा वर्षांची, दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिली.

घरी पोचून हातपाय धुतले न धुतले तोच उषाला बगीचा पाहायचा होता. वावरात गेल्यावर अमृताने एका फांदीला हात लावला आणि हळूच विचारलं, “ही झाडं मेली का?” यशवंतरावांनी तिला समजावलं की झाडाला आधी तहान लावावी लागते, मग पाणी मिळालं की ते एकदम फुलतं. पोरीला ते पटलं. उषानेही मान हलवली. पण जयवंताला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एवढ्या लांबून माणसं बोलावली आणि दाखवलं काय, तर काड्या. त्यात दुपार अशी तापली की पाहुणे कूलरसमोरून हलेनात.

संध्याकाळी चहा गाळता गाळता तिच्या तोंडून निघून गेलं, “उद्या माझ्या माहेरी जाऊ. चिचेच्या डोहावर.”

यशवंतरावांनी कप खाली ठेवला. मे महिन्यात कन्हान नदीला पाणी कुठलं, असं त्यांचं म्हणणं. जयवंताला तरी कुठे खात्री होती. माहेर सौंसरच्या पलीकडे, नदीकाठी. पण लग्नानंतर ती तिकडे जायची ते लग्नकार्यापुरती. तीस वर्षांत नदीत पाय घातला नव्हता. तिने भावाला फोन लावला. भाऊराव म्हणाला, नदीत सारी रेतीच रेती आहे, पण डोह काही आटला नाही.

पहाटे पाचलाच मुलाने, वैभवने, गाडी काढली. जामसांवलीच्या मारुतीला सगळ्यांनी चालत्या गाडीतूनच हात जोडले. सौंसर मागे पडलं तशी जयवंता खिडकीतून नदी शोधायला लागली. गावातून भाऊरावाला सोबत घेतलं. नदीवर उतरल्यावर समोर पांढरी रेती पसरलेली. अर्धा मैल चालले, पाण्याचा थेंब नाही. मग नदी वळली. कडेला अर्जुनाची मोठी झाडं, वर वाकलेली चिंच, जिच्यावरून डोहाचं नाव पडलं ती, आणि खाली हिरवं, संथ, भरलेलं पाणी. एक खंड्या पाण्यात सूर मारून चोचीत मासोळी घेऊन उडाला. अमृता चपला टाकून पळत सुटली.

भाऊरावाने कुठवर पायाला जमीन लागते ते पोरीला दाखवलं आणि पुरुषमंडळींना घेऊन तो वरच्या काठाला गेला. तिथे गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायचे होते आणि रानातली टेंभरं, तेंदूची पिकलेली फळं, वेचायची होती.

अमृता पाण्यात खेळायला लागली, उषा मात्र दगडावर पाय भिजवत बसली. समुद्रावरची बाई, हिला डोहाचं काय कौतुक, असं जयवंताला वाटलं. विचारलं, तेव्हा उषा ओशाळून हसली.

“मला पोहता येत नाही, जयवंताताई. घरासमोर समुद्र, पण आम्ही बायका गुडघ्याच्या वर कधी गेलो नाही.”

जयवंताने पदर खोचला, लुगड्याचा काष्टा मारला आणि दगडावरून सरळ डोहात उडी घेतली. पाणी डोक्यावरून गेलं, थंडगार. क्षणभर तिला भीती वाटली, पण हातपाय आपोआप चालायला लागले. मधोमध वर येऊन ती मोठ्याने हसली. मग काठाला आली आणि तिने उषाला हात दिला.

कमरेएवढ्या पाण्यात तिने उषाला उताणं धरलं. उषाचं अंग लाकडासारखं ताठ. दोनदा नाकात पाणी गेलं, दोनदा ती उठून उभी राहिली. तिसऱ्यांदा जयवंताची फोनवरची सारी अदब गळून पडली.

“अंग सोडून दे वं उषा. मी हाय नं. पाणी कुठी पळून जाऊन नाही राहिलं.”

उषाने डोळे मिटले. तिच्या पाठीखालचे हात जयवंताने एकेक करून काढून घेतले. उषा तरंगत होती. अमृता ओरडायला गेली, तशी जयवंताने तिच्या तोंडावर ओला हात ठेवला. बऱ्याच वेळाने उषाने डोळे उघडले. वर अर्जुनाची पानं हलत होती. आपल्याला कुणीच धरलेलं नाही हे तिला कळलं, आणि तरीही ती बुडाली नाही.

यशवंतराव खांद्यावरच्या दुपट्ट्यात पिवळी टेंभरं बांधून काठावर आले, तेव्हा जयवंता दुसऱ्या काठाहून हात मारत परत येत होती. ते तसेच थबकले.

“तुले पोहता येते?”

“तुम्ही कधी विचारलं काय?” तिने पाण्यातूनच उत्तर दिलं.

त्यांनी लाजून दुपट्ट्याची गाठ सोडली आणि सगळ्यात पिकलेलं टेंभर निवडून तिच्या हातावर ठेवलं. सावलीत बसून सगळ्यांनी राख झटकत गरम रोडगे खाल्ले. गोड टेंभरांनी पोरीची बोटं चिकट झाली. जेवता जेवताच विनायकने मोबाइलवर परतीची तिकिटं तीन दिवस पुढे ढकलली. उषा भाऊरावाला विचारत होती, उद्या अजून लवकर आलं तर चालेल का.