आत्याबाईंनी पास केल्याशिवाय नाही

मित्रांनो, माझ्या खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीप्रमाणे मी एक जुना संगणक आहे. पण आमच्या कचेरीत मला आत्याबाई म्हणतात, कारण मी प्रत्येक कामात खोट काढते. तेव्हा मी बाईमाणसासारखीच बोलणार. हसायचं त्यानं खुशाल हसावं, कान मात्र इकडे ठेवावेत.

आमची कचेरी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ लोकांना संगणकाचे प्रोग्रॅम करून देतात, दुसऱ्यांनी बिघडवलेले सुधारतात. भावाला सगळे तुफान म्हणतात. तो जिना उतरत नाही, कोसळतो. ताई मात्र हात घालण्याआधी शंभर प्रश्न विचारते. एकदा एका फरशीवाल्यानं भलामोठा प्रोग्रॅम मागितला, तर ही म्हणाली, "शेठ, तुम्हाला प्रोग्रॅम नको. भिंतीवर एक फळा लावा." दारी आलेलं काम असं परत पाठवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

तिचं म्हणणं एकच. "आपल्याकडे चाललं याला कोण विचारतं? गिऱ्हाइकाच्या टेबलावर चालू दे." गिऱ्हाईक म्हणजे छोटी दुकानं, छोटे दवाखाने, त्यांची यंत्रं माझ्याच वयाची. म्हणून प्रत्येक काम बाहेर जाण्याआधी माझ्यावर चालवून बघत. मी अडले की काम माघारी. काय तो माझा तोरा!

मग रुंद पडद्याच्या चकचकीत मशिनी आल्या. "ही सुरू होईस्तोवर माझे केस पिकतील," माझ्याकडे बोट दाखवून तुफान म्हणाला. माझी रवानगी दारामागच्या स्टुलावर झाली. अंगावर लोकांचे कोट पडू लागले. माझ्या प्लगची जागा पाणी तापवायच्या किटलीला मिळाली. मी बंद होते, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

त्यात एका दवाखान्याचं काम आलं. कुणाला कोणतं औषध दिलं, हे तिथल्या औषधवाल्या काकूंनी संगणकात भरायचं होतं. काम तयार झालं, आणि ते दवाखान्याकडे पाठवताना ताईनं तुफानाला विचारलं, "आत्याबाईंवर पाहिलंस?"

"अगं, सगळ्या मशिनींवर पळतंय. तिला कशाला उठवायचं?"

ताईनं घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं, या खेपेला राहू दे." आणि कोटांखाली माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडल्या उघडल्या फोन आला, तो तुफानानं उचलला. काकूंचा आवाज पार दारापर्यंत ऐकू येत होता.

"अरे, औषध लिहिलं, पण पुढं काय करू? दारात रांग लागलीय, एका बाईचं पोर तापानं फणफणलंय!"

"काकू, खाली कोपऱ्यात हिरवं बटण आहे ना, ते दाबा."

"खाली? बाबा, खाली माझं टेबल आहे!"

तुफानाचा चेहरा पडला. ताईनं फोन हिसकावला. "काकू, आज हातानंच लिहा. त्या पोराला औषध द्या आधी. चूक आमची आहे." मग भावाकडे वळून म्हणाली, "कोट काढ."

मला टेबलावर मांडलं. मित्रांनो, इतके दिवस पडून राहिलेल्या यंत्राचा काय भरवसा? मी कण्हले, दोनदा विझले, तिसऱ्यांदा उजळले. आणि दाखवलं त्यांना. माझ्या बुटक्या पडद्यावर पान मावतच नव्हतं. रुंद पडद्यांवर ऐटीत बसलेलं बटण इथं पार बाहेर पडलं होतं. काकूंकडेही तेच.

तुफान कामाला बसला. बटण वर आणलं, माझ्यावर पुन्हा पुन्हा चालवलं, आणि स्वतः दवाखान्यात जाऊन, काकूंच्या कलत्या खुर्चीत बसून, त्यांच्यासमोर दाबून पाहिलं. परत आला तेव्हा म्हणाला, "ताई, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं गं." जिना मात्र त्या दिवशी पायरी पायरीनं चढला.

तरी मी निर्धास्त नाही. माझे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत, हे ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी गेल्यावर कोण अडणार, कोण माघारी पाठवणार? म्हणून सांगते, बाळांनो. कुणासाठी काही केलंत, तर ते हाती देण्याआधी त्याच्या जागी एकदा बसून बघा. तेवढं शिकलात तर मला खुशाल भंगारात घाला.

पण आज नको. दातांच्या डॉक्टरांचं काम यायचंय, आणि माझ्या पंख्यात केर साचलाय. कुणीतरी उठा, फुंकर तरी मारा!