वांग्याच्या वाफ्यातला लोहकण

मी एक म्हातारा लोहकण आहे, मित्रांनो. वय म्हणाल तर तिशी-पस्तिशीचं. पण आमच्यातले बरेचसे त्याआधीच विरघळून जातात. डोळ्यांना मी दिसणार नाही, शोधू नका.

माझा जन्म उजनी धरणाच्या पाण्याखाली, डाळजच्या बाजूच्या गाळात, एका जिवाणूच्या पोटात झाला. त्या माउलीने पाण्यातलं लोखंड टिपून टिपून आम्हा सतरा भावंडांना घडवलं आणि माळेसारखं एका ओळीत बसवलं. आम्ही चुंबक. आमच्या ओढीने ती उत्तर-दक्षिण धरून सरळ पोहायची, आणि तिला मानवेल तेवढ्या हवेची जागा गाळात शोधायची. ती मेली, आम्ही तिथंच राहिलो. वर दरसाल नवा गाळ बसत गेला. मग घाण वासाचा काळा गाळ आला आणि त्यात आमच्यासारखं कुणी जन्मलंच नाही. खालच्या थरात आम्ही खच्चून, वरच्या थरात एकही नाही. तळ कधी गुदमरला याची एवढीच साक्ष.

ती साक्ष स्वरूपाला हवी होती. तिचे वडील गोकुळ भिगवणला मासे विकतात. जाळी रिकामी येऊ लागली, तेव्हा धरणाच्या पाण्याबद्दलच्या बैठकीत एक साहेब म्हणाले, "पाणी पहिल्यापासून असंच आहे." स्वरूपा बारामतीच्या कॉलेजात शिकते. पाणी ओसरल्यावर तिने काठावर हातभर पाइप ठोकला, आम्हाला थरांसकट उचललं आणि पडवीत उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायचं होतं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी जपून धरलं.

सकाळी ती आंघोळ करून आली, तर पाइप रिकामा.

"आजी, यातला गाळ?"

"वांग्याला घातला," फुलाबाई म्हणाली. "पाणी बी दिलं वरनं. पाइप घासून ठेवलाय बघ, लख्ख."

"सगळा?"

"मग निम्मा ठिवायचा व्हय? लोकं ट्रॉल्या भरून गाळ नेत्यात, अन् तू पाइपात घालून शोभंला ठेवलास!"

स्वरूपा अनवाणीच काठाकडे पळाली. तिथं गाळ उपसणाऱ्या म्हस्कूतात्यांचा जेसीबी चालू होता.

"म्हस्कूतात्या, हातभर जागा सोडा हो!"

"आता मुरूम लागला, पोरी. गाळ समदा उसात गेला. कडंला हो."

ती परत आली आणि वाफ्यात गुडघ्यांवर बसली. चिखल हातात घेई, बघे, खाली ठेवी.

"आजी, पाइपातनं आधी कुठला गाळ निघाला? काळा का तांबूस?"

फुलाबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. "गाळ तो गाळ, बाई. मी कुठं बघितलं?" मग हळूच, "लई मोठं चुकलं व्हय गं?"

स्वरूपा चिखल चाळतच राहिली. तेव्हा म्हातारीने स्वतः लावलेलं वांग्याचं रोप उपटलं, मुळाचा चिखल पुढं केला. "हे वरचं असंल का बघ." मग दुसरं. मग तिसरं.

मी स्वरूपाच्या नखात अडकलो आहे. उत्तर दिशा मला अजून कळते. पण माझ्यावर कोण होतं, खाली कोण, हे मलाही आता सांगता येत नाही. ओरडायला तोंड नाही.

मित्रांनो, गाळ न्या, शेतं पिकवा. पण कुठलीही वस्तू रिकामी करण्याआधी, ती कुणी भरली होती त्याला एकदा विचारा. आणि काठावर हातभर जागा तेवढी सोडा. साहेबांची पुढची बैठक सोमवारी आहे. वाफ्यात आता दोनच रोपं उरलीत, आणि म्हातारी त्यातल्या एकाला हात घालते आहे.