काळा काढा

आमच्या घरात किटली घासायचं काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा मनापासून तिटकारा होता. आठवडाभरात आत पांढरा, खरखरीत थर जमायचा. व्हिनेगर ओतायचं, उकळायचं, मग काथ्याने खसाखसा घासायचं. आई दर खेपेला म्हणायची, "आपल्याकडे असं नव्हतं गं. तिथली भांडी वर्षानुवर्षं लख्ख राहायची." आपल्याकडे म्हणजे आईबाबा जो देश सोडून आले तिथे. मी इथे जन्मले, इथल्याच शाळेत शिकले, त्यामुळे ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मग भांडी घासायला तिकडेच जाऊ या का, असं मी एकदा विचारलंही होतं. त्या दिवशी किटली आईनेच घासली होती.

बाबा तिकडे बिअर करायला शिकलेले. इथे आले तेव्हा एकाही कारखान्याने त्यांना दारात उभं केलं नाही. भाषा मोडकी, ओळख शून्य. शेवटी एका छापखान्यात काम मिळालं आणि तिथेच काही वर्षांनी त्यांनी बिअरवाल्यांसाठी एक मासिक सुरू केलं. लेख ते लिहायचे, मी मोठी झाल्यावर त्यांची भाषा सुधारायचे, अंकांवर पत्ते आई चिकटवायची. इथले कारखानदार तेव्हा हौदातल्या पाण्याची ऊब कोपर बुडवून बघायचे आणि पिंपं नुसती खळखळून घ्यायचे. बाबांनी लिहिलं, थर्मामीटर घ्या, पिंपं वाफेने धुवा. सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. हा कोण टिकोजीराव, कुठून आला आणि आम्हाला शिकवतोय? मग माल नासायचा थांबला, आणि तेच लोक बाबांना मास्तर म्हणायला लागले. पुढे पुढे तर हॉटेलवालेही मासिक समोर ठेवून वर्षाचा माल ठरवू लागले. बाबांची कॉलर ताठ झाली. जरा जास्तच ताठ झाली.

त्या भरात त्यांनी सोनेरी बिअरवर लेख लिहिला. आपल्याकडे करतात तशी फिकी, नितळ बिअर, हॉप्सची कडू फुलं सढळ हाताने घातलेली. ती इथे सगळ्यांनी करावी, आणि धान्य काळं होईपर्यंत भाजून करायची ती जुनी काळी बिअर सोडून द्यावी. काळी बिअर म्हणजे खोकल्यावरचा काळा काढा, असं त्यांनी लिहिलं. प्रूफ वाचताना मी खो खो हसले. वाचणारेही हसले असणार, कारण वर्षभरात काळी बिअर मागवायची हॉटेलवाल्यांना लाज वाटू लागली.

उन्हाळा तोंडावर आला असताना विहीरवाल्या काकू मासिकाच्या कार्यालयात आल्या. त्यांच्या कारखान्याच्या अंगणात जुनी विहीर होती, म्हणून हे नाव. नवऱ्यामागे कारखाना त्याच चालवायच्या. मासिकाच्या अगदी पहिल्या वर्गणीदार. बाबांचं बोट धरून चालणाऱ्या, म्हटलं तरी चालेल. त्यांनी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तर, ही सोनेरी. तुम्ही लिहिलंत तश्शी केली. अक्षरसुद्धा इकडचं तिकडे केलं नाही. प्या."

बाबांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. मीही चाखली. कडूपणा घशात चिकटून बसला होता, जाता जात नव्हता.

"पिंपं नीट धुतली होती?"

"पिंपांत जेवण वाढावं इतकी स्वच्छ."

"माप?"

"माप तुमचंच. माझं काय चुकलं ते सांगा. गिऱ्हाईक तोंडात घेऊन थुंकतंय. आणि काळी करावी, तर हॉटेलवाले म्हणतात, मास्तरांनी काढा म्हटलंय, ठेवणार कोण? पुढच्या महिन्यात ते वर्षाचा माल ठरवतील. या वेळेला माझ्या वाट्याला काही आलं नाही तर मला कुलूप लावावं लागेल."

बाबांनी पुन्हा एक घोट घेऊन पाहिला. दुसरी बाटली न उघडताच काकू उठल्या. "ती काळी आहे," दारातून म्हणाल्या. "घरातली शेवटची. वाटलं तर खोकल्याला घ्या."

बाबा ती बाटली घेऊन घरी आले ते जेवलेच नाहीत. मी मोरीत किटली घासत बसले होते आणि नेहमीसारखी पुटपुटत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. मग त्यांनी माझ्या हातातून किटली काढून घेतली, आतला पांढरा थर नखाने खरवडला, जिभेवर ठेवला. ते तसेच मोरीच्या कट्ट्यावर बसले.

"पाणी," ते म्हणाले. "इथलं पाणी जड आहे, क्षारांनी भरलेलं. हॉप्सचा कडूपणा जड पाण्यात घशाला बोचतो. आणि काळं भाजलेलं धान्य असल्याच पाण्यात गोड लागतं. हे मला शिकवलं होतं गं. पहिल्या वर्षी शिकवलं होतं."

इतकी वर्षं आमच्या चुलीवर ते पाणी उकळत होतं. त्यांनी लेख लिहिला तो मात्र तिकडच्या पाण्याच्या आठवणीवर.

काळी बाटली त्यांनी तेव्हाच उघडली. एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. ती उत्तम होती, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"मग लिहा ना तसं," मी म्हणाले. "या अंकात, पहिल्या पानावर. काकूंचं काम होईल."

आईच्या हातातला डिंकाचा ब्रश थांबला. "अहो, असलं काही करू नका. इथल्या माणसाने चूक केली तर चूक असते. आपण केली तर लोक म्हणतील, शेवटी परकाच. मग थर्मामीटरही खोटा आणि पिंपंही खोटी."

"दोनचार गावांचं पाणी आधी तपासून घेतो," बाबा म्हणाले. "पक्कं झालं की लिहीन."

पक्कं व्हायचं काही उरलं नव्हतं. तिघांनाही ते ठाऊक होतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. परकं ठरायची ती भीती मला कधी बाळगावी लागली नव्हती. तो अंक बाटल्यांच्या बुचांवर निघाला. बुचं कशी निवडावी, कशी भिजवावी. हॉटेलवाल्यांनी तो वाचला आणि वर्षाचा माल ठरवून टाकला.

चुकीची कबुली देणारा लेख पुढच्या अंकात आला. भाषा सुधारायला मी पेन घेऊन बसले होते, पण एका शब्दालाही हात लावला नाही.

"मी जिथून आलो तिथलं पाणी हलकं आहे. तुमच्या बहुतेक गावांचं जड आहे. काळी बिअर तुमच्या पाण्यातून घडलेली आहे आणि ती उत्तम आहे. तिला हसताना मी माझं पाणी विसरलो नव्हतो, आणि तुमचं कधी चाखलं नव्हतं. चूक माझी आहे. महिनाभर ती लपवली, तीही माझीच."

आई म्हणाली होती तसं थोडं झालं. जाहिराती गळाल्या, टोमणे आले. पण गावोगावच्या कारखान्यांतून बाटल्याही यायला लागल्या. चाखायला बिअर पाठवणारे लोक आता पाणी पाठवत होते. कुठल्या नदीचं, कुठल्या झऱ्याचं, चिठ्ठी लावून. बाबा एकेक चाखायचे, उकळून थर बघायचे आणि या पाण्याला कुठली बिअर शोभेल ते दर अंकात लिहायचे. तोवर देशभर एकाच चवीच्या मागे धावणारा धंदा हळूहळू आपापल्या गावाकडे वळला.

काकूंना मात्र काहीच उपयोग झाला नाही. कारखाना विकला गेला, घेणाऱ्याने विहीर बुजवून गोदाम बांधलं. सगळं उरकल्यावर त्या पुन्हा आल्या. बाबा उभे राहिले.

"लेख वाचला," काकू म्हणाल्या. "चांगला लिहिलाय. उशिरा लिहिलाय."

"बाई, मी..."

"राहू द्या. मी रडायला आले नाही." त्यांनी पिशवीतून एक बरणी काढली. सैल झाकणाखाली फेस होता. "माझं यीस्ट. माझ्या सासूबाईंच्या आधीपासून काळी बिअर आम्ही यानेच आंबवत आलो. जिवंत आहे, उपाशी ठेवलंत तर मरेल. आता मी ते कुठे आंबवू? तुमचं मासिक सगळीकडे जातं. जो मागेल त्याला द्या."

बाबांनी बरणी दोन्ही हातांनी धरली.

"एकच अट," काकू म्हणाल्या. "त्या बिअरला नाव तुम्ही दिलेलंच राहील. काढा. बदलायचं नाही. छापताना तसंच छापायचं."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकूंनी ते पाहिलं आणि पाठ फिरवली.

ती बरणी छापखान्याच्या थंड तळघरात राहिली. तिला माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी पाजायचं काम आईने कुणी न सांगता अंगावर घेतलं. अंकात चार ओळी आल्या, आणि मागणी येईल तशा छोट्या बरण्या रवाना होऊ लागल्या. आज जड पाण्याच्या कुठल्याही गावात जा, काळी बिअर मिळते आणि ती त्याच यीस्टची असते. लोक बिनदिक्कत म्हणतात, एक काढा द्या. नाव कुठून आलं हे त्यांच्या गावीही नसतं.

बाबा म्हातारे झाल्यावर कधी कधी मी त्यांना कोपऱ्यावरच्या बिअरच्या दुकानात घेऊन जायचे. तिथला पोऱ्या विचारायचा, "आजोबा, काय देऊ?" सबंध देशाने उचललेला तो शब्द बाबांच्या ओठांवर मात्र कधी आला नाही. ते काळ्या बिअरच्या पिंपाकडे बोट दाखवायचे.