लाइट बघण्यापुरता फोटो

"ही तुमची मुलगी का हो?"

पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या एका बाईंनी आमच्या दुकानाच्या काचेतल्या मोठ्या फोटोकडे बोट दाखवून मला विचारलं. आम्हाला मुलगी नाही. मुलगा आहे, तो शिकायला दुसऱ्या गावी असतो आणि त्याला मिशा आहेत. काचेतल्या फोटोत आहे ती मी. लग्नानंतर लवकरच आमच्या ह्यांनी काढलेला तो फोटो स्टुडिओचा नमुना म्हणून लावला, तो तिथंच राहिला.

"नाही, भाची आहे माझी," मी म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक.

मग नेहमीसारखी मी स्टुलावर बसले, ह्यांनी माझ्यावर लाइट बघून घेतला, एकदा कॅमेरा कटकन वाजवला आणि मी उठून त्या बाईंना बसवलं. आमच्याकडे असंच चालतं. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही. छत्र्या, दिवे, पडदा सगळं आधी माझ्यावर जमवायचं. बाई फोटो घेऊन गेल्या. आमचे हे मुळात कमी बोलणारे, पण त्या दिवशी बोलले. म्हणतात कसे, "भाची छान आहे हं."

अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझी!

गिऱ्हाइकांना भांग नीट करता यावा म्हणून भिंतीवर एक आरसा लावलाय. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. डोळ्यांखाली खड्डे. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन रेघा, त्यातली डावी जास्त खोल. गाल कुठं गेले ते कळेना. आत्ता कुठं चाळिशी ओलांडली आणि तोंडाची ही दशा? मी तिथल्या तिथं ठरवलं, आता काहीतरी करून घ्यायचंच.

विचारणार कुणाला? नणंदेला. वन्संनी गालात इंजेक्शनं घेतलीत हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मी फोन करून सरळ विचारलं तर बाई एकदम खूश.

"फिलर म्हणतात त्याला," त्या म्हणाल्या. "जेलीसारखं असतं, सुईनं भरतात. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन आले मी. दोन दिवस सूज, थोडं काळंनिळं, बास. पण वहिनी, ते विरघळतं गं. वर्ष-दीड वर्ष गेलं की परत आपले हेलपाटे. तुझ्या जागी मी असते ना, तर ऑपरेशनच केलं असतं. एकदाच काय तो सोक्षमोक्ष!"

मला हे फार आवडलं. थोडं थोडं, जरा जरा, असलं काही मला जमत नाही. भांडले तरी मी पोटभर भांडते. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर ह्यांचा चेहराच उतरला.

"भूल देतात?"

"देतात."

"मग शुद्धीवर येते ना बाई?"

"नाही, तिथंच राहते! काहीतरीच काय विचारता?"

ते लेन्स पुसत बसले. आधीच स्वच्छ असलेली लेन्स हा माणूस पुसायला लागला की समजायचं, आत काहीतरी चाललंय. पण मी आपणहून विचारलं नाही, कारण उत्तर मला आवडणार नव्हतं.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा मोठ्या होत्या आणि त्यांच्या स्वतःच्या कपाळावर चांगल्या ठसठशीत आठ्या होत्या. त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं, गालाची कातडी चिमटीत धरून सोडली, परत धरली, परत सोडली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "चेहरा आतून रिकामा झाला असेल तर फिलर. तिथं सर्जरी केली तर नुसतं ताणलेलं दिसतं. आणि चेहरा सैल होऊन खाली आला असेल तर सर्जरी. तिथं फिलर भरत बसलं तर माणूस फुगलेला दिसतो. तुमची कातडी तर बरी वाटते, पण हे डोळ्यांखालचे खड्डे मला कोड्यात टाकतायत. जुने फोटो आणा. आधी काय होतं ते बघितल्याशिवाय मी काही ठरवत नाही."

"फोटो? अहो डॉक्टर, आमचा स्टुडिओच आहे!" मी म्हटलं. काय ती माझी ऐट.

पुढच्या वेळी पिशवीभर फोटो नेले. डॉक्टरबाईंनी एकेक उचलून माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. त्यांच्या आठ्या वाढत चालल्या.

"इथं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "रेघ नाही, खड्डा नाही, सावलीसुद्धा नाही. कातडीकडे बघून मला असं वाटलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत एवढा फरक पडला असेल, तर फिलरनं भागायचं नाही. खालच्या पापण्या आणि गाल, दोन्हीची सर्जरी करावी लागेल."

मग त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. कानापुढं छेद, टाके, काही आठवडे घरात बसणं, चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याची थोडी का होईना भीती. "घाई नाही, विचार करून सांगा," असंही म्हणाल्या.

"विचार झालाय. तारीख द्या," मी म्हणाले आणि तारीख घेऊनच उठले. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

ऑपरेशनला आठवडा राहिला होता. दुपारी दुकानात गर्दी नव्हती. हे चहा पीत होते आणि मी कॉम्प्युटरवर एका मुलीच्या फोटोला टचिंग करत होते. नोकरीच्या अर्जासाठी काढलेला फोटो, चांगली गोड मुलगी. आमच्याकडे फोटो काढायचं काम ह्यांचं आणि टचिंग माझं. गिऱ्हाईक सांगत नाही, मी विचारत नाही, माझा हात आपोआप चालतो. डोळ्यांखालची सावली पूस, नाकाजवळची रेघ पूस, गालाला जरा उजेड दे. टचिंग झाल्याशिवाय आमच्या दुकानातून फोटो बाहेर जातच नाही, त्याचा तर आम्हाला अभिमान.

मी त्या मुलीच्या डोळ्याखालची सावली पुसली आणि माझा हात तिथंच थांबला.

"अगं बाई!"

मी इतक्या जोरात ओरडले की ह्यांचा चहा सांडला शर्टावर.

"काय झालं?"

"ते फोटो! डॉक्टरांना दाखवलेले! त्यांना टचिंग केलंय!"

"हो. तूच केलंयस."

"मीच केलंय ना! डोळ्यांखालचं मीच पुसलंय, रेघा मीच पुसल्यात! अहो, त्या बाई मला कापून त्या फोटोसारखी करणार आहेत, आणि त्या फोटोसारखी मी कधी नव्हतेच!"

हे उठून उभे राहिले. हातातला कप तसाच.

मग मी घर डोक्यावर घेतलं. कपाटातले अल्बम काढले, भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. मुलाच्या शाळेतले, सहलीतले, दिरांच्या लग्नातले, सगळीकडे मी आपली गुळगुळीत. माहेरचे फोटो? ते जुने होऊन पिवळे पडले म्हणून मीच हौसेनं नवे करून दिले होते, आणि नवे करताना माझा हात काय गप्प बसणार? मोबाइलमधले अलीकडचे, त्यातही मी चेहरा साफ करणारं बटण दाबलेलं. वन्संना फोन लावला.

"वन्सं, तुमच्याकडे माझा एखादा खरा फोटो आहे का हो?"

"खरा म्हणजे?"

"म्हणजे वाईट!"

"वाईट कुठून येणार, वहिनी? सगळे तूच तर पाठवतेस."

मी फोन ठेवला आणि स्टुडिओतल्या स्टुलावर जाऊन बसले. मला रडू आलं. अगदी हुंदके देऊन रडले. वय दिसतं म्हणून नाही. मी आधी कशी दिसत होते, हे कुणालाच माहीत नाही, मलासुद्धा नाही, म्हणून. आठवड्यानं भुलीचं औषध घेऊन झोपायचं, आणि उठायचं ते त्या काचेतल्या भाचीसारखं होऊन! आणि तसंही नाही झालं तर?

हे आले, समोर उभे राहिले. बराच वेळ खाकरले.

"माझ्याकडे आहेत."

"काय आहेत?"

"तुझे फोटो. टचिंग न केलेले."

"कुठले?"

"लाइटचे," ते म्हणाले.

मला आधी अर्थच लागला नाही. लाइट बघण्यापुरता काढलेला फोटो कुणी ठेवतं का? तो काढायचा, दिवा डावीकडे सरकवायचा आणि पुसून टाकायचा. मीच ह्यांना दर महिन्याला सांगत आले, कॉम्प्युटरमधली जागा अडते, काढून टाका तो कचरा. आणि हे दर वेळी "हो" म्हणायचे. ह्या माणसाच्या "हो"वर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला!

त्यांनी दिव्यांच्या खोक्यातून एक हार्ड डिस्क काढली आणि कॉम्प्युटरला जोडली. पडदाभर मी. वर्षामागून वर्षं मी. केसांत पेन्सिल खोचलेली मी, जांभई देणारी मी, मुलगा पोटात असताना स्टुलावर कशीबशी मावलेली मी. बहुतेक ठिकाणी तोंड उघडं, कारण मी ह्यांना काहीतरी ओरडतेय. एकही धड नाही.

"असले फोटो ठेवलेत तुम्ही माझे?" मी नाक पुसत विचारलं.

"तूच आहेस ना," ते म्हणाले. "मला काढून टाकवेना."

मी खुर्ची ओढली आणि अगदी सुरुवातीचे फोटो मोठे करून बघायला लागले. बघते तर काय, डोळ्यांखालचे खड्डे तेव्हाही होतेच! लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. ते वयाचे नव्हतेच, ते आमच्या बाबांचे होते; बाबांचे डोळे अगदी असेच खोल होते आणि त्यांच्या फोटोतलेही मीच भरून काढले होते. डाव्या बाजूची रेघसुद्धा होती, पुसट. मी ह्यांना ओरडताना तोंड डावीकडे ओढते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि गाल मात्र खरंच भरलेले होते. छान होते गाल. ते गेले, हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क पर्समध्ये घालून आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो. मी सगळं सांगितलं. त्या आधी गंभीरपणे ऐकत होत्या, मग हसायला लागल्या, मग हसता हसता गंभीर झाल्या.

"तरीच! हे आधी विचारायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. फोटो एकेक करून बघितले, माझा गाल पुन्हा चिमटीत धरला. "सर्जरी रद्द. सैल काही पडलेलं नाही. खड्डे तुमच्या घराण्याचे आहेत, ते भरले तर तुम्ही दुसऱ्याच कुणीतरी दिसाल. गाल तेवढे रिकामे झालेत. तिथं थोडं फिलर देता येईल. तेही तुम्हाला हवं असेल तरच. नको असेल तर कॉफी पिऊन घरी जा."

"आणि सर्जरी?" मी विचारलं. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

"दहा वर्षांनी या. मीही म्हातारी झालेली असेन, दोघी मिळून ठरवू."

मी ह्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"तुझा चेहरा आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "भूल नाही ना?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जागा बधिर करतो फक्त. ह्या सगळं ऐकवत राहतील तुम्हाला."

"मग चालेल," हे म्हणाले, आणि इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. वेडा माणूस. महिनाभर लेन्स पुसत होता तो ह्यासाठी.

मी गालात थोडं फिलर घेतलं. लपवायचं काय त्यात? मला गाल हवे होते, ते हवेत म्हणून घेतले. नाकाजवळच्या रेघेत भरू का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मात्र मी म्हणाले, "ती राहू द्या. ती मी कमावलीय." चार दिवस गाल सुजले होते आणि वन्सं रोज व्हिडिओ कॉल करून "अजून, अजून" म्हणत बघत होत्या. मग सूज उतरली. आरशात बघितलं तर मीच होते, रात्रभर छान झोप लागलेली.

काचेतली भाची आम्ही उतरवली. तिच्या जागी लाइटचा एक फोटो लावला, सूज उतरल्यावरचा, तोंड अर्धं उघडं असलेला. टचिंग नाही. तो छापताना माझा हात किती शिवशिवला, ते माझं मला माहीत. शेवटी हात मांडीखाली दाबून बसले.

परवा एक आजोबा पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला आले. मी स्टुलावर बसले. ह्यांनी छत्री सरकवली, कॅमेरा कटकन वाजवला, आणि आमच्या संसारात पहिल्यांदा मला विचारलं, "काढून टाकू का हा?"

"हात तर लावून बघा!" मी म्हणाले.